मावशींची वाटी : गोडाच्या प्लेटवरच्या फळांच्या नोंदी

११ ऑगस्ट

मालकांनी आज स्पष्टच सांगितलं. गोडाच्या प्लेटा फोटोत रिकाम्या दिसतात, दिवाळीच्या आत काहीतरी करा. पुण्यातलं आमचं ३२ खुर्च्यांचं हॉटेल, गोडाचे पदार्थ तीनच: केशर श्रीखंड, नारळाच्या दुधाचा पॅनाकोटा (दूध जमवून केलेला मऊ इटालियन गोड पदार्थ) आणि गरम चॉकलेट केक. तिन्हींवर आजवर एकच सजावट, पुदिन्याचं पान आणि डब्यातली लाल चेरी.

चेरी म्हणायचं तिला, पण डब्यात बहुतेक वेळा करवंदच असतं. बी काढून, लाल रंग देऊन, पाकात मुरवलेलं. तिची बहीण टूटीफ्रूटी म्हणजे कच्ची पपई. पहिल्या नोकरीत हे कळलं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, बिचाऱ्या करवंदाला स्वतःच्या नावाने प्लेटवर का बसू देत नाहीत?

नवीन काही करण्याआधी जुन्याचा हिशेब हवा. भांड्यांच्या मावशींना एक स्टीलची वाटी दिली. प्लेटवरून जे फळ-पान न खाता परत येईल ते खरकट्यात न टाकता या वाटीत टाकायचं. मावशी म्हणाल्या, "उष्टं मोजायचंय व्हय?" हो, उष्टंच मोजायचंय.

१४ ऑगस्ट

तीन रात्री, गोडाच्या ७१ प्लेटा. पुदिना परत आला ६४, चेरी ३८. मावशींचं निदान: "चेरी पोरं खात्यात. पाल्याला कुणी हात लावत न्हाई."

पुदिना आजपासून बंद. खाल्लं जात नसेल तर ते प्लेटवर जाणार नाही, हा पहिला नियम वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला. आमच्या आजीच्या श्रीखंडावर चारोळी असायची. ती कुणी बाजूला काढून ठेवलेली आठवत नाही, कारण सगळ्या मऊमऊ घासात दाताखाली येणारं तेवढंच काहीतरी असायचं. गार्निश हा शब्द तिला माहीत नव्हता, पण काम माहीत होतं. प्रत्येक पदार्थाला आधी विचारायचं की तुझ्यात काय कमी आहे. श्रीखंडात कुरकुरीतपणा कमी आहे. पॅनाकोट्यात आंबट. चॉकलेट केकमध्ये काहीच कमी नाही, आणि हीच त्याची अडचण.

१९ ऑगस्ट

मार्केट यार्डात हिमाचलचं सफरचंद आलंय. पहिला प्रयोग त्याच्या चकत्यांचा. मँडोलिनवर (पातळ काप करायच्या किसणीवजा पातीवर) दीड मिलिमीटर, बिया-गाभ्यासकट आडवी चकती, म्हणजे मधोमध चांदणी उमटते. बिया मात्र टोचून काढायच्या. साखर-पाणी समसमान उकळून पाक केला, काप काळे पडू नयेत म्हणून त्यातच लिंबू पिळलं, चकत्या बुडवल्या, सिलिकॉन मॅटवर मांडून ओव्हनमध्ये ९० अंशांवर दोन तास.

ओव्हनमधून निघाल्या तेव्हा मऊच होत्या. त्याला घाबरायचं नाही, पाकाची काच गार झाल्यावरच होते. एक चकती काढून ओट्यावर मिनिटभर ठेवायची. मोडताना आवाज आला तर झाली. संध्याकाळी ६ वाजता आवाज आला. रात्री साडेनऊला त्याच चकत्या चपलेच्या पट्ट्यासारख्या वाकत होत्या. पुण्याचा ऑगस्ट, वर डाळी शिजत असलेलं स्वयंपाकघर आणि डब्याचं झाकण उघडं. दोष कुणाला द्यायचा?

२० ऑगस्ट

दोष लिंबालाही द्यायचा. पाकात लिंबू पिळलं की साखर परत जमत नाही हे गुलाबजाम करणाऱ्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. पण का जमत नाही, याचा विचार मी कधी केला नव्हता. आंबटासोबत उकळली की साखर फुटते, तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेतं. गुलाबजामाला हे वरदान, माझ्या चकत्यांना शाप. मी पाक जितका जास्त उकळला तितकी चिकटपणाची सोय स्वतःच करून ठेवली.

नवी पद्धत: चकत्या आधी गार लिंबू-पाण्यात, मग फडक्यावर टिपून साध्या पाकात. पाक फक्त साखर विरघळेपर्यंत तापवायचा. मध अजिबात नाही, त्यात फ्रुक्टोज आधीच भरपूर असतं.

२६ ऑगस्ट

आता फरक दिसतोय. गार झाल्याझाल्या हवाबंद डबा, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, वर बटर पेपर. डबा उघडायचा तो प्लेट पासवर, म्हणजे वेटरच्या हाती द्यायच्या ओट्यावर, आल्यावरच. मदतीला असलेल्या पोराला घड्याळ घेऊन बसवलं: टेबलावर मोकळी ठेवलेली चकती २५ मिनिटं टिकली, श्रीखंडावर आडवी ठेवलेली ६ मिनिटांत मान टाकून मोकळी.

म्हणजे वरच्या हवेपेक्षा खालचं श्रीखंड वाईट. दोन उपाय केले. चकती आडवी ठेवायची नाही, कडेवर उभी खोवायची. आणि जी कड श्रीखंडात जाणार तिला वितळलेल्या कोको बटरचा हात द्यायचा, म्हणजे पाणी चढत नाही. आता १७-१८ मिनिटं मिळतात. एवढ्या वेळात श्रीखंड न संपवणारा माणूस श्रीखंडाचा नाहीच.

४ सप्टेंबर

आज नाक कापलं गेलं. सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे परत होणार नाही.

दोन दिवस अननसाची फुलं करत होतो. अननस सोलून डोळे छोट्या चमच्याने खोलगट कोरून काढायचे. चकती कापली की त्याच खाचांमुळे कड पाकळ्यांसारखी होते. फडक्यात दाबून पाणी टिपायचं, १०० अंशांवर उलटसुलट करून सुकवायचं, आणि गरम आहे तोवर मफिनच्या साच्यात दाबून रात्रभर ठेवायचं. सकाळी पिवळं फूल तयार होतं, कडा तांबूस. मला आवडलेलं या प्रकल्पातलं हे पहिलं काम.

रात्री फुलं संपली. सहाजणांच्या टेबलाची श्रीखंडं जायची होती, लग्नाचा वाढदिवस. मी ताज्या अननसाचे पातळ काप पंख्यासारखे मांडून प्लेटा पाठवल्या. दिसायला फुलांपेक्षा सुंदर. टेबलावर आधी केक कापला, गाणं झालं, फोटो झाले, श्रीखंडाला चमचा लागेपर्यंत वीस मिनिटं गेली. काकूंनी बोलावून शांतपणे विचारलं, "हे कडू का लागतंय?" मी चाखलं. कारल्याची आठवण यावी इतकं कडू.

न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. दुधाची प्रथिनं तुटली की जे तुकडे उरतात ते कडू लागतात. किवी आणि कच्ची पपई यांचंही तेच, फक्त एन्झाइम वेगळं. जिलेटिनवर हीच फळं ठेवली तर जेली जमतच नाही. आमच्याकडे जिलेटिन नसल्याने तो धडा कधी मिळाला नव्हता. अननसाच्या रायत्याला डब्यातला अननस का घेतात, तेही आज कळलं: डबाबंद करताना तो तापवलेला असतो.

टेबलाला दुसरं श्रीखंड दिलं, बिल लावलं नाही. मालक काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

५ सप्टेंबर

खात्री करून घेतली. तीन वाट्यांत सारखं श्रीखंड. एकात ताजा अननस, एकात पाच मिनिटं पाकात उकळलेला, एकात १०० अंशांवर सुकवलेलं फूल. अर्ध्या तासाने पहिली वाटी कडू, बाकी दोन्ही ठीक. उष्णतेने एन्झाइम निकामी होतं. फुलं राहणार, ताजा अननस दह्या-दुधाजवळही येणार नाही.

१२ सप्टेंबर

गणपती. दिवसभर मोदक वळतोय, प्लेटिंगला सुट्टी. उकडीच्या मोदकावर केशराची एक काडी आणि तुपाची धार. त्याच्यावर कुणी फळ ठेवून दाखवावं!

२३ सप्टेंबर

पॅनाकोट्याला आंबट हवं होतं. पांढऱ्या नारळावर कोकमाचा लाल रंग डोक्यात बसलाच होता. आगळात मीठ असतं, म्हणून अमृत कोकम घेतलं. २५० मिली कोकमात अडीच ग्रॅम अगार (समुद्री शेवाळाची, जेली जमवणारी पावडर) घालून दोन मिनिटं उकळलं. जमलंच नाही. पुन्हा केलं, पुन्हा घसरगुंडी. पोरगा म्हणाला, पावडर जुनी आहे. पावडर नवी होती.

आंबटात उकळलं की अगारची ताकद जाते. आता अर्ध्या पाण्यात अगार नीट उकळून घ्यायचा, गॅस बंद, मग खोलीच्या तापमानाचं कोकम घालून ढवळायचं. गार कोकम घातलं तर गुठळ्या होतात, कारण अगार चाळीसच्या आसपासच जमायला लागतो. या वेळी वडीसारखं घट्ट जमलं. ते मिक्सरमधून फिरवून गाळलं की चटणीच्या बाटलीतून थेंब पाडता येतात, आणि थेंब पसरत नाहीत.

पाच थेंब, मोठ्याकडून लहानाकडे, पॅनाकोट्याच्या कडेने. फळ असं काही दिसतच नाही प्लेटवर. पण चव कोकमाची आहे, आणि मावशींच्या वाटीत थेंब परत कसे येणार?

३० सप्टेंबर

करमळ, म्हणजे स्टारफ्रूट. कापली की आयती चांदणी, सुरी चालवायला येणाऱ्या कुणालाही जमेल. भाजीवाल्याने मुद्दाम आणून दिली. दिवसभर प्लेटा सजवून पाहिल्या आणि रात्री यादीतून काढली. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला हे फळ घातक ठरू शकतं. टेबलावर बसलेल्या माणसाला आम्ही डायलिसिसचं विचारणार आहोत का? दिसणं सुंदर, पण दुसऱ्याच्या जिवावर नको. उरलेल्याचं लोणचं घातलं, आमच्या जेवणापुरतं.

८ ऑक्टोबर

संत्र्याने निराश केलं. नागपुरी संत्र्याची साल सैल, आत पोकळी. आडवी चकती कापली की साल एकीकडे, फाका दुसरीकडे. जे हाताने सोलून खायला सर्वोत्तम, ते चकतीला सर्वांत वाईट. मोसंबी उलट. घट्ट साल, आतली नक्षी जागच्या जागी. जालन्याच्या बाजूची मोसंबी सध्या भरपूर आहे.

३ मिलिमीटरच्या चकत्या दोनदा उकळत्या पाण्यातून काढल्या, पांढऱ्या सालीचा कडवटपणा जावा म्हणून. मग समसमान पाकात अगदी मंद आचेवर पाऊण तास. पाक खळखळला तर चकत्या फाटतात. फाक पारदर्शक दिसायला लागली की जाळीवर निथळून ९० अंशांवर दोन तास. दिव्यासमोर धरली तर रंगीत काचेसारखी. उरलेला पाक फेकायचा नाही, केकवर शिंपडायला तोच.

चॉकलेट केकला कमी काही नाही असं ऑगस्टमध्ये लिहिलं होतं. चुकलो होतो. मोसंबीच्या सालीचा तो किंचित कडवटपणा हवा होता. मात्र केकवर ठेवायची नाही, वाफेने दोन मिनिटांत लोळते. शेजारी, प्लेटच्या कोरड्या भागात.

१७ ऑक्टोबर

पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन आलं. सफरचंदाची चकती आज मोकळ्या हवेत तासभर कुरकुरीत राहिली. दोन महिने ज्याच्याशी झगडलो तो शत्रू न सांगता गाव सोडून गेला.

२१ ऑक्टोबर

आंबापोळी! इतके दिवस सुचलं कसं नाही. पोराच्या मावशीने रत्नागिरीहून मे महिन्यातली पाठवली, उन्हात थरावर थर दिलेली, जाड, तपकिरी-केशरी. परदेशी पुस्तकांत फळाच्या रसाच्या पातळ पापुद्र्यावर पानंच्या पानं आहेत. आपल्याकडे तो माळ्यावरच्या डब्यात असतो.

कात्रीला तूप लावून दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या, लाटण्याने बटर पेपरमध्ये पातळ केल्या, तळहाताच्या उबेने जरा मऊ करून गुंडाळल्या. बाहेरची कड थोडी दुमडली की गुलाब होतो. तो श्रीखंडावर ठेवला. पाणी सुटत नाही, मऊ पडण्याचा प्रश्न नाही, कारण ती मुळातच चिवट. श्रीखंडाच्या गोडात आंब्याचा आंबट-गोड चिवट घास.

चार रात्री, श्रीखंडाच्या ४३ प्लेटा. वाटीत गुलाब: शून्य. मावशींनी वाटी उपडी करून दाखवली. मग म्हणाल्या, "एक मला बी दे की दादा."

२६ ऑक्टोबर

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. गेले तीन दिवस मी सफरचंदाचा हंस करत होतो. व्ही आकाराच्या खाचा एकात एक कापायच्या, थर सरकवले की पंख होतात, उरलेल्या तुकड्याची मान. दीडेक इंचाचा हंस, वर साखरेच्या तारांचं घरटं. मालक खूश, फोटो काढून झाले. एका प्लेटला माझी अकरा मिनिटं.

पहिल्या रात्री सहा हंस गेले, सहाही परत आले. एकाची मान तुटली होती, बहुधा मुलाने. लोकांनी हंस उचलून बाजूला ठेवला आणि केक खाल्ला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

कोरीव कामाला मी कमी लेखत नाही. थायलंडात फळं-भाज्या कोरण्याची परंपराच आहे. आपल्या रुखवतात कलिंगडाची टोपली, गाजराची फुलं, साखरेचं तुळशीवृंदावन मांडतात, आणि मांडणारीच्या हाताचं कौतुक गावभर होतं. पण रुखवत बघायलाच मांडतात, कुणी त्यात चमचा घालत नाही. माझ्या हंसाला प्लेटवर आणून मीच त्याची पंचाईत केली. साखरेच्या तारांचं घरटं तर रात्री दहापर्यंत घामेजून चिकट गोळा झालं होतं. ते मी खाल्लं.

२९ ऑक्टोबर

दिवाळीचं मेनूकार्ड छापायला गेलं. श्रीखंडावर आंबापोळीचा गुलाब आणि दोन चारोळ्या. पॅनाकोट्याला कोकमाचे थेंब. केकशेजारी मोसंबीची काच. अननसाचं फूल फक्त शनिवार-रविवार. सफरचंदाची चकती हाताशी राहील, रोज नाही.

४ डिसेंबर

महिनाभर नोंद नाही, कामाचा रेटा. महाबळेश्वरकडची स्ट्रॉबेरी आली. पहिला माल महाग आणि आंबट, पण पॅनाकोट्याला तो आंबटपणाच हवा. देठासकट धुवायची. देठ काढून धुतली तर आत पाणी शिरतं आणि चव फिकी पडते. पातळ सुरीने टोकाकडून देठाकडे चार-पाच काप, देठाशी जोडलेलेच ठेवायचे, अंगठ्याने हलकं दाबलं की पंखा उघडतो. चाकू धारदार नसेल तर पंखा होत नाही, भरीत होतं.

चकचकीत दिसावी म्हणून जर्दाळूच्या जॅमचा हात देऊन पाहिला. दुकानातल्या पेस्ट्रीला तो लागतो, तिथे फळ दिवसभर काचेत बसतं. आमची प्लेट तीन मिनिटांत टेबलावर जाते. हात देणं बंद. आणि आधी कापून ठेवणंही बंद. प्लेट मागितल्यावरच सुरी.

१३ डिसेंबर

सासवडच्या बाजूचं अंजीर, खट्टा बहार, म्हणजे हिवाळी हंगामाचं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण फळाला त्याचं काही नाही, ते सकाळी घेतलं की संध्याकाळी रुसतं. जांभळट साल, आतून गुलाबी. देठाकडून अधिकाच्या खुणेसारखे दोन छेद द्यायचे, खालून दाबायचं, चार पाकळ्यांचं फूल आपोआप उघडतं. कोरायचं काहीच नाही, सगळं काम फळानेच करून ठेवलंय.

केकसोबत देताना पाकळ्यांवर चिमूटभर साखर आणि गॅसच्या टॉर्चची ज्योत. साखर तांबूस होऊन काच होते. पंधरा मिनिटांत अंजिराचा रस ती विरघळवतो, म्हणून टॉर्च पासवरच, वेटर समोर उभा असताना. वेटरला आवडतं ते.

मोसंबी की अंजीर, यावर मालकांचं आणि माझं एकमत नाही. ते म्हणतात अंजीर फोटोत येतं. मी म्हणतो मोसंबी केकला लागते. तूर्त दोन्ही, आलटून पालटून.

२० डिसेंबर

मावशींचा आठवड्याचा हिशेब: गोडाच्या १२८ प्लेटा. परत आलेलं असं: मोसंबी ९, अंजीर ४, स्ट्रॉबेरीचे देठ सोडून काही नाही, आंबापोळी शून्य. मोसंबीच्या नवांपैकी सहांची साल तेवढी उरलेली, गर खाल्लेला. पुढच्या खेपेला पाव मिलिमीटर पातळ कापून बघायला हवी, साल चावायला सोपी जाईल. आंबापोळीचा साठा मात्र महाशिवरात्रीपर्यंतच पुरेल. रत्नागिरीला निरोप धाडला की येत्या मेमध्ये आमच्यासाठी वेगळी घाला, जरा पातळ थरांची.

लाल चेरीचा शेवटचा डबा आज संपला. मुळशीकडून रानभाजी घेऊन येणाऱ्या आजींना विचारून ठेवलं की एप्रिलात करवंदं काळी पडायच्या आधी, लालसर असतानाच, दोन किलो आणाल का? "कच्ची कशाला रं?" म्हणाल्या. चेरी करायचीय म्हटल्यावर खूप हसल्या. मग म्हणाल्या, चीक लई असतो, हाताला तेल लावून बस.